ताई, आधी १०० प्रतीच काढा

ताई, गच्चीवरच्या बागेचं हस्तलिखित तयार आहे आणि प्रकाशक १००० प्रतींचा खर्च आधी मागतोय, देऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: देऊ नका. माझ्या पहिल्या पुस्तकाला मी असेच पैसे भरले. गठ्ठे घरी येऊन पडले आणि पावसाळ्यात खालच्या प्रतींना वाळवी लागली. फार जिवाला लागलं ते.

स्वतःच खर्च करायचा तर डिजिटल छपाईने १०० प्रती काढा. प्रतीमागे दर जास्त पडतो, पण पुढच्या खेपेला चुका दुरुस्त करता येतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून लेखकालाही मोफत मिळतो. किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं.

खरा प्रश्न फोटोंचा. कृष्णधवल छपाईत जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण ही कीड आणि पानावरची भुरी ही बुरशी, दोन्ही सारखेच पांढरट डाग दिसतात. वाचकाने फवारायचं काय? सगळे रंगीत फोटो एका १६ पानी फॉर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात, गुळगुळीत आर्ट पेपरवर घ्या. बाकी मजकूर साध्या कागदावर. खर्च बराच वाचतो.

नावाजलेल्या प्रकाशकाकडे पाठवणार असाल तर नागपूरचा उन्हाळा पुढे ठेवा. पुण्याच्या हवेचे सल्ले आपल्याकडे मे महिन्यातल्या ४५ अंशांत चालत नाहीत. हिरवी जाळी कधी बांधायची, कुंड्या कोणत्या भिंतीच्या सावलीला सरकवायच्या, ते प्रकरण नमुना म्हणून पाठवा. आणि करारात ई-पुस्तकाचे हक्क कुणाकडे राहतात, तेवढं सही करण्याआधी नक्की बघा.