दोन्ही उंदीर लठ्ठ, मग साखर वेगळी का?

प्रश्न: एमएस्सीला आहे. आमच्याकडे ओबी नि डीबी असे दोन वेगवेगळ्या जनुकदोषांमुळे लठ्ठ होणारे उंदीर आहेत. ओबींची रक्तातली साखर चढली नि काही आठवड्यांत उतरली. डीबींची चढलेलीच, पिंजऱ्यातला भुसा रोज मुताने चिंब, सकाळी बदलला तरी संध्याकाळी ओला. असं का?

उत्तर: ताई, उंदरांचा वंश (प्रयोगशाळेत जोपासलेली जात) बघा. ब्लॅक-६ वंशाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन पुरवत राहतं. केएस वंशात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात. ओबी जनुक केएसमध्ये नेलं तरी मधुमेह तीव्रच होतो.

उत्तर २: शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत ओबी-डीबीचं रक्ताभिसरण जोडलं, तेव्हा ओबीने खाणं सोडलं, उपासमारीने मेला. ओबीत लेप्टिन हे भूक थांबवणारं संप्रेरकच बनत नाही, डीबीत ते ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) बिघडलेला. लेप्टिनचं जनुक सापडलं १९९४ला! डीबीच्या रक्तात भूक थांबवणारा पदार्थ आहे, हा कोलमन यांचा तर्क किती अचूक होता, बघा.

प्रश्नकर्ती: आत्ताच पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचली. डीबी केएसच आहेत! मनापासून आभार.