एटीव्हीच्या कार्बोरेटरचा जेट अडकलाय, निघत नाही. मदत हवी आहे

समुद्रकाठ
एटीव्ही म्हणजे वाळूवर चालणारी छोटी चारचाकी. कार्बोरेटर खोललाय, जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, भोक असलेला पितळी स्क्रू) जागचा हलत नाही. दोन दिवस डब्ल्यूडी-40 मारून ठेवलं, काही फरक नाही. स्क्रू ड्रायव्हर घसरतोय आणि आता खाचही खराब व्हायला लागली आहे. शनिवारी गाडी वाळूवर उतरवायची आहे. लवकर सांगा.

आटेपिटे
कुठला जेट, मेन की स्लो? गाडी किती सीसीची? कार्बोरेटरच्या बॉडीवर काय कोरलंय? बॉडी इंजिनवरून उतरवली आहे की जागेवरच झटापट चालू आहे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

धुरांडे
नवा कार्बोरेटर बसवा आणि मोकळे व्हा. चायनीज गाड्यांचे सगळीकडे मिळतात.

समुद्रकाठ
छोटा जेट. गाडी चायनीज 110. नवा मागवला तर पुढच्या आठवड्यात येईल, म्हणून तर विचारतोय.

आटेपिटे
छोटा म्हणजे स्लो जेट, आयडलिंगला (इंजिन नुसतं चालू असताना) पेट्रोल देणारा, मेन जेटच्या खांबाशेजारी बारीक भोकात खोल बसतो तो. 110 वर बहुतेक पीझेड19 मॉडेलचा कार्बोरेटर असणार. आता महत्त्वाचं: खाच नक्की दिसतेय ना? या नकली कार्बोरेटरांपैकी काहींत स्लो जेट दाबून बसवलेला असतो, त्याला आटेच नसतात. तसला फिरवत बसलात तर जेट जाईल आणि बॉडीही जाईल.

समुद्रकाठ
खाच आहे. एका बाजूची कड तुटली आहे, दुसरी शाबूत आहे. बॉडी टेबलावर आहे, बाउल (खालची पेट्रोलची वाटी) आणि त्यातला फ्लोट काढलेत.

वाफाळ
गॅस टॉर्च एक मिनिट धरा, लगेच सुटेल.

आटेपिटे
टॉर्च अजिबात नको. या बॉडी बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतलेल्या असतात आणि तो साधारण 385 अंशांना वितळतो. ज्योत त्याच्या कितीतरी वर असते. भोकाभोवतीची भिंत पातळ, ती आधी बसेल. शिवाय आतल्या वाटांमध्ये पेट्रोल राहिलेलं असतं.

वाफाळ
पण उष्णता लागतेच ना? नुसत्या तेलाने असले जेट सुटत नाहीत.

आटेपिटे
उष्णता हवीच, पण 100 ते 120 अंश. तापल्यावर बॉडी पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे भोक जेटपेक्षा थोडं सैल होतं. एवढंच आपल्याला हवं आहे.

समुद्रकाठ, आधी बॉडीतून रबर-प्लास्टिकचं सगळं बाहेर काढा: फ्लोटची सुई, बाउलचा रबर, थ्रॉटलची स्लाइड आणि एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा). एअर स्क्रू काढण्याआधी तो आत हलकेच टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. मग बॉडी पेट्रोलने धुऊन, हवा मारून पूर्ण कोरडी करा आणि मोकळ्या जागी हीट गनने सगळीकडून सारखी तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं की पुरे. गरम असतानाच जेटच्या कडेने गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि आपोआप गार होऊ द्या. गार होताना तेल आट्यांत ओढलं जातं. असं तीनदा करा, मगच फिरवायचा प्रयत्न.

चिंचगूळ
पितळ आहे ना? रात्रभर चिंचेच्या पाण्यात नाहीतर व्हिनेगरमध्ये ठेवा. भांडी कशी लख्ख निघतात!

आटेपिटे
भांडं सगळंच पितळेचं असतं, इथे फक्त जेट पितळेचा आहे. आम्ल आधी जस्त खाईल. सकाळी जेट चकचकीत दिसेल आणि त्याच्या भोवतीची बॉडी पोखरलेली असेल.

धुरांडे
मूळ कारण वेगळंच आहे. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं. टाकीत भरून ठेवलं की असंच होणार.

खारवारा
इथेनॉलचा हात असेल, पण किनाऱ्यावर खरा वैरी मीठ. पितळ आणि जस्त शेजारी, मध्ये खारं पाणी, मग जस्तच झिजतं. त्याची पांढरी पूड आट्यांत बसली की जेट धरलाच म्हणून समजा. एअर फिल्टरचा स्पंज पण धुऊन, तेल लावून, पिळून बसवा. वाळूवर तो आठवड्यात भरतो.

समुद्रकाठ
फिल्टरचं नंतर बघतो. तापवून झालं, पण ड्रायव्हर अजूनही घसरतोय. इझी-आउट (तुटके स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा निमुळता बिट) घालू का?

आटेपिटे
थांबा. स्लो जेटची भिंत पातळ असते. इझी-आउट पाचरीसारखा आत जातो, पितळ फुगतं आणि आटे आणखी घट्ट धरतात. तो तुटून आत राहिला तर कार्बोरेटर गेला.

ड्रायव्हरचं टोक बघा. बाजारचे टोकाकडे निमुळते असतात, म्हणून खाचेतून वर चढतात. एक जुना ड्रायव्हर कानशीने घासा: टोकाच्या दोन्ही बाजू समांतर, जाडी खाचेइतकी, रुंदी भोकात जेमतेम जाईल इतकी. बॉडी लाकडी फळीवर कापड घालून ठेवा, टोक खाचेत बसवा आणि मागून हलक्या हातोडीने तीन-चार टिचक्या द्या. मग आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबा, नंतर सोडवा. बॉडी गरम असतानाच.

वाफाळ
हेही जमलं नाही तर खाचेहून जरा मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हलकेच ठोकून बसवतात. नवीन कडा पकडतात. हे ड्रिलच्या आधी करा.

समुद्रकाठ
निघाला! ड्रायव्हर घासून, तिसऱ्या तापवणीला. कट् असा आवाज झाला, आधी वाटलं तुटलाच. आट्यांत पांढरी पूड होती. जेटवर 38 आहे, भोकातून उजेड दिसत नाही.

आटेपिटे
केहिन या जपानी कार्बोरेटर कंपनीच्या पद्धतीत 38 म्हणजे साधारण 0.38 मिमीचं भोक. गिटारची सगळ्यात बारीक तार 0.23 मिमीच्या आसपास असते, ती चालेल. सुई, टाचणी, पिन नको. पितळ मऊ, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिणार. आधी रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजवा. बाजूची बारीक भोकंही उघडा आणि बॉडीतल्या वाटांतून हवा आरपार जाते ना ते बघा. पण कड तुटलेला जेट परत बसवू नका. नमुना दुकानात न्या, लांबी आणि आटे जुळवून 38 चाच घ्या. बसवताना बोटांच्या जोराने टेकला की थांबा.

खारवारा
महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर बाउलखालचा स्क्रू ढिला करून पेट्रोल काढून टाका.

समुद्रकाठ
जेट दुकानात मिळाला. पण एअर स्क्रूची रबर रिंग सापडत नाहीये. न लावता चालेल का?

आटेपिटे
नाही. तिथून हवा शिरेल आणि आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही. स्क्रूच्या भोकात तळाशी बॅटरी मारून बघा, बहुतेक तिथेच चिकटली असेल. म्हणजे हीट गनची धग तिने खाल्ली आहे. आकडा केलेल्या बारीक तारेने ओढून काढा आणि नवीनच घाला. क्रम असा: स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर, टोकाकडे रिंग. फेरे मोजले नसतील तर हलकेच टेकवून दीड फेरा मागे घ्या. इंजिन गरम झाल्यावर तिथून पुढे लावा.