चहा पिऊन आलं की गाडी चालू होत नाही (2007, पेट्रोल)

घाटवाट:
मंडळी, गाडी 2007 ची, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळे 'विकून टाक' म्हणतात. 2022 मध्ये पाच हजार फी भरून पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय, तेव्हा इतक्यात विकायची नाही.

दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला आईकडे जातो. खंबाटकी चढून सुरूरला चहाला थांबलो आणि दहा मिनिटांनी सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. सेल्फ दणदणीत फिरतोय. बॉनेट उघडून अर्धा तास बसलं की पहिल्या चावीला चालू! गेल्या शनिवारी मात्र आनेवाडी टोलच्या अलीकडे चालती गाडी बंद पडली. चौथा गिअर, साठचा वेग, मागे ट्रक. कशीबशी कडेला घेतली. शिवाय सिग्नलला कधीकधी आयडलिंग हळूहळू उतरून गाडी विझते, ते वेगळंच.

मिस्त्रीने बॅटरी, चारही प्लग आणि पेट्रोल फिल्टर बदलून झालाय. आठ हजार गेले. आता टाकीतली पेट्रोल ढकलणारी मोटर बदलू म्हणतो. त्याच्या दारात मात्र ही बया एकदाही बंद पडत नाही.

निळी_छत्री:
हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांची वाट लागलीय. पाइप तपासा.

दहाचा_पाना:
इथेनॉलने जुनी रबरं खराब होतात हे खरं, पण फुटलेल्या पाइपला अर्ध्या तासात बरं वाटत नाही. गरम झाली की बंद आणि गार झाली की चालू, हे बहुतेक वेळा विजेचं दुखणं असतं.

घाटवाट, आधी एक आठवून सांगा. टोलच्या अलीकडे बंद पडली तेव्हा गाडी गिअरमध्ये होती, म्हणजे चाकं इंजिन फिरवत होती. त्या वेळी आरपीएमचा काटा सावकाश उतरला की धाडकन शून्यावर आला?

आणि पुढच्या वेळी चालू झाली नाही की लगेच बॉनेट उघडू नका. काच वर करा, पंखा बंद करा, चावी ऑनवर फिरवा. मागच्या सीटखालून दोन सेकंद 'घूंऽऽ' आवाज येतो का? इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का? दोन्ही नसेल तर मेन रिले (इंजिनाची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) किंवा त्याचं वायरिंग. जुन्या रिलेच्या आतलं सोल्डर तडकतं आणि उन्हात सुटतं. दिवा आहे पण आवाज नाही, तर मोटर, तिचा रिले नाहीतर वायर. हॉर्नचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटात काम होतं. आवाज आणि दिवा दोन्ही आहेत, पण सेल्फ मारताना काटा जराही हलत नाही, तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर. काही गाड्यांत तो काटा सेल्फवर हलतच नाही, म्हणून गार असताना आधी बघून ठेवा.

आणि चालती बंद पडली तर ब्रेक पंप करत बसू नका. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. एकदाच दाबून धरा.

घाटवाट:
काटा धाडकन पडला होता, आता आठवतंय. आज सुरूरला मुद्दाम थांबलो. घूं आहे, दिवा आहे, काटा मेलेला. घरी गार असताना सेल्फवर दोनशेच्या आसपास हलतो.

दहाचा_पाना:
मग मोटरीला हात लावू देऊ नका. सेन्सर दोन तारांचा असेल तर काढून मल्टिमीटर लावा आणि सेन्सर तापवायला बायकोचा हेअर ड्रायर मागून घ्या. तीन तारांचा असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, तसं करू नका.

सिग्नलला विझते ते दुसरं दुखणं. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपाशी, काजळी साचली असणार. ती साफ करून घ्या.

घाटवाट:
दोन तारांचाच निघाला. टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा चुरा दाढीसारखा चिकटलेला. पुसून मीटर लावला: 540 ओहम. ड्रायर लावला तसा आकडा 580, 610 असा चढत गेला, आणि साधारण चार मिनिटांनी डिस्प्लेवर डावीकडे नुसता 1. म्हणजे तार तुटलेली! ड्रायर बंद करून वाट पाहिली, बारा मिनिटांनी परत 570. मी आणि मुलगा, दोघं ओरडलोच.

नवा साडेबाराशेला मिळाला. कपलरमध्ये हिरवट गंज होता, तोही घासला. थ्रॉटलमधून निघालेल्या काजळीने तीन फडकी काळी केली.

निळी_छत्री:
ड्रायर परत दिलात का?

घाटवाट:
दिला, ग्रीसचा ठसा राहिलाय, अजून तिच्या लक्षात आलेलं नाही. कालच्या शनिवारी सुरूरला दोन चहा घेतले, भर दुपारी. पहिल्या चावीला चालू. जुना सेन्सर मिस्त्रीला नेऊन दाखवला. उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "असेल, पण मोटर एकदा बदलूनच घ्या साहेब."