प्रत्यारोपणानंतर कोविड झाला तर...

यकृत प्रत्यारोपण झालेल्याला कोविड झाला की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लगेच बंद कराव्यात, असं कुणीतरी लिहिलंय. कृपया स्वतःहून असं काही करू नका. त्यामुळे शरीर नवं यकृत नाकारू शकतं. आजार वाढला तर डॉक्टर सहसा या गोळ्यांपैकी आधी मायकोफेनोलेट कमी करतात किंवा थांबवतात. टॅक्रोलिमस ही दुसरी गोळी मात्र शक्यतो चालू ठेवतात. युरोपातल्या रुग्णांच्या नोंदींत ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण उलट कमी दिसलं होतं.

खरी गोम पॅक्सलोविड या कोविडवरच्या पाच दिवसांच्या गोळ्यांमध्ये आहे. त्यातलं रिटोनाविर टॅक्रोलिमसचा निचराच अडवतं. नेहमीचा डोस चालू राहिला तर दोन-तीन दिवसांत रक्तातली पातळी कितीतरी पट चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन (मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारा रक्तातला घटक) वाढतं. म्हणून त्या पाच दिवसांत टॅक्रोलिमस बहुधा थांबवतात आणि नंतर पातळी तपासून हळूहळू पुन्हा सुरू करतात. पातळी वेळेवर मोजायची सोय नसेल तर त्याऐवजी तीन दिवस शिरेतून रेमडेसिविर हे विषाणूविरोधी औषध देणं सोपं पडतं. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेतच. आयब्युप्रोफेन नको, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

आणि हो, काढे! गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. तो वाद राहू द्या, पण प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेल्या माणसाला ती ‘वाढवणारं’ काही देण्यात काय हशील? पपनसही टाळा, त्यानंही टॅक्रोलिमस चढतं.