बडोद्याहून नाशिकच्या वायनरी (वाइन बनवण्याची ठिकाणं) बघायला जाणाऱ्यांसाठी थोडी भर
एका दिवसात चार वायनरी उरकण्याचा बेत कुणीतरी सुचवलाय, तो मला नाही पटला. नाशिकला गंगापूर धरणाकडच्या सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत, तेवढ्या पुरे. तिसरीकडे वाइन चाखताना जिभेला काही कळत नाही (स्वानुभव!).

त्यापेक्षा महिना बघा. द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च. आम्ही एकदा जुलैत गेलो, तर वेलींवर एक घड नाही आणि आत शुकशुकाट. पुढे फेब्रुवारीत गेलो तेव्हा क्रेटच्या क्रेट उतरत होते, बोटं चिकट झालेली, सगळीकडे आंबूस वास. म्हणून आधी फोन करून क्रशिंग (द्राक्षं चिरडून रस काढणं) चालू आहे का, एवढं विचारा. आणि बडोदेकरांनो, आवडलेली बाटली तिथेच संपवा, अर्थात गाडी चालवणारा सोडून. परतताना सापुताऱ्यापासून आपली गुजरातची दारूबंदी सुरू.