पेडल मऊ पडतंय, तर आधी तेल बघा

रेस ट्रॅकवर तीन-चार लॅपनंतर (फेऱ्यांनंतर) ब्रेकचं पेडल खाली जातं म्हणून मोठ्या ब्रेक डिस्क बसवा, असा सल्ला दिला जातो, तो मला घाईचा वाटतो. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ब्रेक ऑइल उकळलंय. पेडल घट्ट राहून गाडी थांबत नसेल, तरच दोष पॅडचा. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषली की हीच मर्यादा १५५ वर येते. सोलापूर-हैदराबाद सरळ रस्त्यावर ब्रेक तापतच नाहीत, म्हणून दोन-तीन वर्षांचं तेलही ठीक वाटतं. कोइंबतूरच्या ट्रॅकवर मग उघडं पडतं. डॉट ५.१ चालेल, नुसतं डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं.

एक लिटर सीलबंद डबा घ्या, अर्धा उरलेला नको. आणि जुन्या गाडीत ब्लीड करताना, म्हणजे जुनं तेल आणि हवा बाहेर काढताना, पेडल तळापर्यंत दाबू नका! मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा भाग) एरवी न वापरलेल्या टोकाला गंजाची कड असते, ती सील कापते. दुसऱ्या दिवशी पेडल हळूहळू बसायला लागतं आणि सगळे हवा शोधत बसतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. कोणतं चाक आधी ब्लीड करायचं तो क्रम मॅन्युअलप्रमाणे. ब्रेकचे रबरी होज (तेलाच्या नळ्या) मूळचे असतील तर तेही बदला, आतून फुगले की कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सुटत नाही. ब्रेक थंड व्हायला शेवटचा लॅप ब्रेक न लावता सावकाश मारा, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.