मदत हवी आहे: सॅन अँड्रियासमधला बिगफूट मूळ गेममधला की कोणी घातलेला, कसं ओळखायचं?

मंडळी, प्रश्न पोरकट वाटेल, पण घरात यावरून रोज वाद चाललाय. भाचा सुट्टीत भुसावळहून चोपड्याला आलाय, सोबत मित्राकडून पेनड्राइव्हवर आणलेली जीटीए सॅन अँड्रियास. त्यात माउंट चिलियाडच्या बाजूच्या जंगलात, बॅक ओ बियाँडला, धुक्यात एक केसाळ माणूस, म्हणजे अमेरिकन दंतकथेतला बिगफूट, उभा असतो. शेजारी बसून मीही पाहिला. जवळ गेलं की झाडाआड.

हा गेम पीसीवर जून २००५ ला आला, तेव्हा आम्ही सायबर कॅफेत तासावर खेळायचो, तेही लोडशेडिंग चुकवून. मिशन कोणाला करायची होती! 'हेसोयाम' हा चीट कोड टाइप करायचा, अडीच लाख डॉलर घ्यायचे नि थेट डोंगर गाठायचा. बिगफूट तेव्हाही प्रत्येकाला 'दिसलेला' असायचा, फक्त दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या पोरांना चकव्याच्या गोष्टी नव्या नव्हत्या, त्यामुळे शंका कोणी काढलीच नाही.

त्याच जंगलातल्या भुताच्या गाड्या मात्र खऱ्या. चेपलेली ग्लेनडेल रिकामीच अंगावर येते. कारण साधं आहे: गेम ती गाडी उतारावर उभी करतो, आत ड्रायव्हर नसतो, मग ती घरंगळणारच. गेमचा हिरो सीजे, त्याच्या आईचं भूत घरात फिरतं म्हणतात, ते मला कधी पटलं नाही. कान देऊन ऐकलंय, बाहेरच्या गोळीबाराशिवाय काही नाही.

भाचा म्हणतो, "मामा, गाडी खरी निघाली ना? मग हाच खोटा कसा?" वर २०१३ च्या जीटीए ५ चा दाखला देतो, त्यात बिगफूट आहे म्हणून. अरे, तिथे शेवटी बिगफूटचा पोशाख घातलेला माणूस निघतो, कंपनीनं आपलीच थट्टा केलीय! पण ऐकतो कोण. नुसतं 'मॉड असेल', म्हणजे कोणी बाहेरून घातलेलं असेल, म्हणून भागणार नाही, पुरावा हवाय. कुठे बघू?

प्रतिसाद (जळगाव): भो, गेमच्या फोल्डरात 'क्लिओ' नावाचं फोल्डर आहे का बघ. मूळ गेमसोबत ते येत नाही, मॉड चालवायला घालतात. असलं तर डिलीट करू नको, बाहेर काढून ठेव नि गेम चालव.

धागाकर्ता: आहे! आत फाइलींची रांग, एकीचं नावच बिगफूट.

प्रतिसाद (अमळनेर): नावावर जाऊ नका दादा. तेवढी एकच फाइल काढून बघा, नाहीतर पोरगं म्हणेल दुसऱ्याच कशानं तरी गेला.

धागाकर्ता: तसंच केलं. भाच्यालाच हातानं काढायला लावली. रात्रभर जंगल पालथं घातलं, केसाळबुवा गायब. ग्लेनडेल मात्र आली, तिच्याखाली सीजे मेलासुद्धा. आता पोरगं म्हणतंय फाइल परत टाकू, त्याच्याशिवाय मजा नाही. मला मात्र बिनमॉडची कॉपी वेगळी ठेवायचीय. पण हा गेम मुळात मॉड घालूनच आलाय, मग नुसतं क्लिओ काढून भागेल का?

प्रतिसाद (जळगाव): नाही भो. गेममधल्या गाड्या-माणसांची मॉडेलं 'जीटीए३' नावाच्या आयएमजी फाइलीत असतात, मॉडवाले तिच्यातही आपली कोंबतात. कोणाकडे जुनी डीव्हीडी असली तर तिच्यावरूनच नव्यानं टाक. सेव्ह 'डॉक्युमेंट्स'मध्ये असतात, त्या आधी काढून ठेव.